न पडलेल्या चेंडूंचा हिशेब

2018 मध्ये अँड्रू जोन्सचं नाव बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मानदालनाच्या, मतपत्रिकेवर पहिल्यांदा आलं, तेव्हा त्याला 7.3 टक्के मतं पडली. पाच टक्क्यांच्या खाली घसरलं की नाव यादीतून कायमचं जातं, म्हणजे गडी काठावर वाचला. 2025 मध्ये त्याच जोन्सला 66.2 टक्के मतं मिळाली. मधल्या सात वर्षांत त्याने एकही झेल घेतलेला नव्हता. तो त्याआधीच निवृत्त झाला होता. कुरासाओ बेटावरून आलेला हा मुलगा अटलांटाच्या सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, उभा राहिला, 1998 ते 2007 अशी सलग दहा वर्षं गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार घेऊन गेला, कारकिर्दीत 434 होम रन मारले. पण बॅटिंगची सरासरी .254, म्हणजे साधारण चार प्रयत्नांत एकच फटका यशस्वी. या सरासरीचा माणूस हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचा तर क्षेत्ररक्षणाच्या जोरावरच घ्यायला हवा. तेव्हा 2026 मध्ये त्याची निवड होईपर्यंत सगळा वाद एका प्रश्नाशी येऊन थांबत होता: त्याच्या क्षेत्ररक्षणाची किंमत किती धरायची?

या प्रश्नावर जो वाद घातला जातो तो फार वाईट घातला जातो. एक तट म्हणतो, आम्ही त्याला डोळ्यांनी खेळताना पाहिलंय, तुमचे तक्ते घरी ठेवा. दुसरा तट तक्ता तोंडावर फेकतो आणि डोळ्यांवर भरवसा ठेवणाऱ्याला अडाणी ठरवतो. गंमत अशी की जोन्सच्या बाबतीत डोळे आणि आकडे एकच गोष्ट सांगतात, तरी भांडण मिटत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आउटफिल्डरचं, म्हणजे मागच्या मोकळ्या मैदानात उभ्या राहणाऱ्याचं, क्षेत्ररक्षण मोजायचं तर आकड्यांना पर्याय नाही, कारण त्याच्या कामाचा मोठा भाग डोळ्याला दिसतच नाही. पण हाती येणारा आकडा अंदाज असतो, आणि तो अंदाज आहे हे विसरून दशांश चिन्हापर्यंत भांडणारी माणसं त्याचं जितकं नुकसान करतात, तितकं त्याचे विरोधकही करत नाहीत.

मुळात ‘डोळे विरुद्ध आकडे’ ही मांडणीच खोटी आहे. जुन्या लोकांना विश्वासाचा वाटणारा आकडा म्हणजे फील्डिंग पर्सेंटेज: हाताशी आलेल्या संधींपैकी किती निभावल्या आणि किती वेळा एरर, म्हणजे चूक, झाली. ही एरर ठरवतं कोण? मैदानावर वर बसलेला अधिकृत स्कोअरर. साधारण प्रयत्नात चेंडू निभावला असता असं त्याला वाटलं तर एरर, नाहीतर हिट, म्हणजे बॅटरचं यश. म्हणजे हा आकडा एका माणसाच्या डोळ्यांचाच निकाल आहे, फक्त टक्केवारीचा कोट घालून आलेला. आणि त्या निकालात एक भलताच अन्याय दडलाय. चपळ आउटफिल्डर वीस-पंचवीस पावलं धावत जातो, ग्लव्ह चेंडूला लागतो, चेंडू निसटतो: एरर. सुस्त आउटफिल्डर तिथवर पोहोचतच नाही, चेंडू त्याच्यापासून दहा फुटांवर गवतात पडतो: बॅटरला हिट आणि आपल्या गड्याची पाटी कोरी. काहीच न केल्याचं बक्षीस देणारा मापदंड शंभर वर्षांहून अधिक काळ चालला, आणि त्याला कोणी ‘थंड आकडेवारी’ म्हणून नावं ठेवली नाहीत.

हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. हेन्री चॅडविक हा इंग्लंडात 1824 मध्ये जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत आलेला पत्रकार. आधी क्रिकेटचं वार्तांकन करायचा, मग बेसबॉलकडे वळला, आणि क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर बेसबॉलचा बॉक्स स्कोअर त्यानेच रुजवला. हाच चॅडविक एकोणिसाव्या शतकात सांगत होता की कमीत कमी चुका करणारा क्षेत्ररक्षक श्रेष्ठ नव्हे, जास्तीत जास्त चेंडू निभावणारा श्रेष्ठ. त्याचं ऐकलं गेलं नाही. त्या काळी खेळाडू उघड्या हातांनी झेल घेत, चुका ढीगभर होत, त्यामुळे चुका मोजण्यात थोडा तरी अर्थ होता. ग्लव्ह मोठे झाले, मैदानं गुळगुळीत झाली, आउटफिल्डरचं फील्डिंग पर्सेंटेज 98-99 टक्क्यांवर जाऊन बसलं. सगळेच 98-99 टक्के असतील तर त्यातून निवड ती काय करायची?

1970 च्या दशकात बिल जेम्स या आकडेतज्ज्ञाने चॅडविकचाच मुद्दा नव्याने मांडला. चुका सोडा, सामन्यामागे किती बाद केले ते मोजा. त्याला त्याने रेंज फॅक्टर म्हटलं. पाऊल योग्य दिशेला पडलं, पण खड्डाही तिथेच होता, आणि तो आपल्या क्रिकेटवाल्यांना चटकन कळेल. एकनाथ सोलकरने 27 कसोटींत 53 झेल घेतले. फॉरवर्ड शॉर्ट लेगला त्याच्यासारखा दुसरा झाला नाही, हे मान्यच. पण त्या 53 मध्ये बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांचा वाटा किती? फिरकीचा असा मारा नसता तर चेंडू त्या जागी आला असता का? झेलांची संख्या म्हणजे कौशल्य गुणिले संधी, आणि संधी खेळाडूच्या हातात नसते. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला सामन्यात 27 गडी बाद करायचे असतात. पिचरने (बेसबॉलच्या गोलंदाजाने) बारा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू मैदानात न जाताच बाद केलं, तर उरले पंधरा. पिचर ग्रेग मॅडक्ससारखा चेंडू जमिनीवरून खेळायला लावणारा असेल तर त्या पंधरातले बरेच इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसजवळच्या आतल्या भागातच, संपतात. मग सेंटर फील्डवाल्याने फक्त उभं राहिल्याबद्दल त्याला कमी गुण द्यायचे का? संधी किती होत्या हे कळल्याशिवाय झेल मोजून काही हाती लागत नाही.

पुढची तीस-चाळीस वर्षं याच एका प्रश्नामागे गेली. जॉन ड्यूअनने झोन रेटिंग आणलं, मिचेल लिक्टमनने यूझेडआर (अल्टिमेट झोन रेटिंग), मग ड्यूअनच्याच मंडळींनी डीआरएस. (क्रिकेटवाल्यांनी पंचांकडे दाद मागू नये, इथे डीआरएस म्हणजे डिफेन्सिव्ह रन्स सेव्हड.) कल्पना सोपी होती. मैदानाचे तुकडे पाडा, प्रत्येक चेंडू कुठे पडला, किती जोरात आला, कसा आला हे व्हिडिओ पाहून टिपा, आणि तसा चेंडू त्या जागचे बाकीचे खेळाडू किती वेळा निभावतात याच्याशी ताडून पाहा. इतरांनी सहसा सोडलेला पकडला की श्रेय, इतरांनी सहसा पकडलेला सोडला की वजावट, आणि शेवटी सगळ्याचा हिशेब धावांत.

आता विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा घेऊ, कारण तो टाळून पुढे जाणं हा भित्रेपणा होईल. हे मापदंड आपापसातच भांडतात. टँपा बेचा केव्हिन किअरमायर 2015 मध्ये सेंटर फील्डला अफाट खेळला. डीआरएसने तेव्हा त्याला 42 धावा वाचवल्याचं श्रेय दिलं, यूझेडआरने सुमारे 30. दहाएक धावा म्हणजे साधारण एक विजय. मग त्याच माणसाच्या त्याच मोसमात एक अख्खा विजय गेला कुठे? माइक ट्राउट 2012 मध्ये डीआरएसच्या हिशेबाने अव्वल क्षेत्ररक्षकांत होता, आणि पुढच्याच वर्षी त्याच हिशेबाने सरासरीच्या खाली. बावीस वर्षांचा धडधाकट मुलगा एका हिवाळ्यात धावायचं विसरला? बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये लेफ्ट फील्डची 37 फूट उंच भिंत होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, जेमतेम 310 फुटांवर आहे. दुसरीकडे सहज झेल ठरेल असा चेंडू तिथे भिंतीवर आपटून परत येतो, आणि हिशेब नीट केला नाही तर दोष बिचाऱ्या लेफ्ट फील्डरच्या माथी. चेंडू लाइन ड्राइव्ह (सपाट, जोरदार) की फ्लाय बॉल (उंच उडालेला) हेही व्हिडिओ पाहणारा माणूसच ठरवणार. तिथे पुन्हा डोळाच आला. हे सगळे आक्षेप खरे आहेत. त्यांना ‘तुम्हाला गणित कळत नाही’ असं उत्तर देणाऱ्यांनाच ते कळलेलं नसतं.

पण या आक्षेपांतून निष्कर्ष काय निघतो? आकडे फेकून द्या, असा? मग त्यांच्या जागी काय ठेवणार? नजर? नजरेचा अधिकृत निकाल म्हणजे गोल्ड ग्लव्ह. 1957 पासून रॉलिंग्ज कंपनी तो देते आणि 1965 पासून संघांचे मॅनेजर-कोच मतं देतात. रोज मैदानावर असणारी, खेळ कोळून प्यालेली माणसं. 1999 मध्ये याच माणसांनी फर्स्ट बेसचा गोल्ड ग्लव्ह राफाएल पाल्मेरोला दिला, आणि तो त्या मोसमात फर्स्ट बेसवर अवघे 28 सामने खेळला होता. बाकी सामने तो डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे फक्त बॅटिंग करणारा, ग्लव्ह बाकावर. हा नमुना टोकाचा खरा, पण त्याचं कारण साधं आहे. मॅनेजरला स्वतःच्या खेळाडूला मत देता येत नाही, आणि दुसऱ्याचा खेळाडू तो वर्षात मोजक्या सामन्यांत पाहतो, तेही स्वतःचा पिचर थकलाय का या काळजीत. मत द्यायची वेळ आली की आठवतं नाव. आउटफिल्डची तर याहून गंमत. 1961 पासून पुढे जवळपास पन्नास वर्षं तीन गोल्ड ग्लव्ह ‘आउटफिल्डर’ म्हणून सरसकट वाटले गेले. लेफ्ट, सेंटर आणि राइट वेगवेगळे मोजायला 2011 उजाडलं. ज्या नजरेला सेंटर आणि लेफ्टमधला फरक नोंदवायला अर्धं शतक लागलं, तिच्या सूक्ष्मतेची ग्वाही मी कशी देऊ? शेवटी 2013 पासून या पुरस्कारातच सुमारे पाव वाटा आकड्यांच्या निर्देशांकाला द्यावा लागला.

नजरेचा खरा दोष मात्र आळस किंवा वशिला हा नाही. नजर जे घडलं ते पाहते. आउटफिल्डरची किंमत जे घडलं नाही त्यात असते. एकाच चेंडूवर दोन खेळाडू उभे करून पाहा. पहिला बॅटचा आवाज होताच निघतो, सरळ रेषेत धावतो, चेंडू येण्याआधी अर्धा क्षण पोहोचतो आणि छातीशी झेल घेऊन चेंडू परत फेकतो. प्रेक्षक घोटभर पाणी पितात. दुसरा अर्धा सेकंद जागीच घुटमळतो. मेजर लीगमधला सरासरी खेळाडू पूर्ण वेगात सेकंदाला 27 फूट धावतो, म्हणजे त्या अर्ध्या सेकंदाची किंमत साडेतेरा फूट. ती भरून काढायला तो शेवटी झेपावतो, गवतावर घसरत जातो आणि ग्लव्हच्या टोकात चेंडू पकडतो. टीव्ही तोच झेल सहा वेळा दाखवतो, वर्षअखेरीच्या चित्रफितीत तोच येतो. नजरेच्या हिशेबात दुसरा मोठा. जुन्या काळचा सेंटर फील्डर जो डिमॅजिओ याला झेपावं लागत नसे, अशी त्याची ख्याती होती; म्हणजे त्याचा मोठेपणा त्याच्या निवांत दिसण्यात होता, आणि नेमका तोच कॅमेऱ्यात पकडायला कठीण.

2015 मध्ये मेजर लीगच्या सर्व तीस मैदानांवर स्टॅटकास्ट ही चेंडू आणि खेळाडूंची हालचाल टिपणारी यंत्रणा आली आणि या निवांतपणाला पहिल्यांदा माप मिळालं. 2020 पासून त्यामागे हॉक-आय आहे, क्रिकेटच्या प्रक्षेपणात 2001 पासून वापरात असलेलं तेच तंत्र. प्रत्येक मैदानावर बारा कॅमेरे. चेंडू हवेत किती वेळ होता, खेळाडूला किती फूट जायचं होतं, मागे धावायचं होतं का, भिंत आड येत होती का, यावरून प्रत्येक चेंडूची झेल होण्याची शक्यता काढतात. ती 25 टक्के असलेला चेंडू पकडला तर खात्यात 0.75 जमा, सोडला तर 0.25 वजा. या सगळ्याची बेरीज म्हणजे आउट्स अबव्ह ॲव्हरेज. लाइन ड्राइव्ह की फ्लाय, हा व्हिडिओ पाहणाऱ्याचा प्रश्नच उरत नाही. त्याहून मला आवडतं ते ‘जंप’ नावाचं माप: पहिल्या तीन सेकंदांत खेळाडू योग्य दिशेने किती फूट गेला, त्यात प्रतिक्रिया किती, वेग किती आणि वाटेची निवड किती. बॉस्टनचा जॅकी ब्रॅडली ज्युनिअर नुसत्या धावण्याच्या वेगात फार वरच्या रांगेत नव्हता, तरी तो इतके चेंडू कसे गाठतो, याचं उत्तर या तीन सेकंदांत होतं. हे उत्तर जाणत्या प्रेक्षकाला आधीच ठाऊक होतं, असं कोणी म्हणेल. असेल. पण किती फुटांनी, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि खेळाडूला पगार देताना प्रश्न ‘किती’चाच असतो.

आणि हे ‘किती’ क्षुल्लकही नाही. टँपा बेचा संघ 2007 मध्ये 66 सामने जिंकला आणि त्याने 944 धावा दिल्या. 2008 मध्ये 97 सामने जिंकून तो वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला. दिलेल्या धावा 671. मधल्या काळात पिचिंगही सुधारली होती, हे खरं. पण खेळात आलेल्या चेंडूंपैकी किती बाद केले या यादीत हा संघ एका वर्षात तळातून शेंड्यावर गेला, ही काही एकट्या पिचरची करामत नव्हे. 270 धावा कमी देणारा नवा पिचिंग ताफा घ्यायला गेलं असतं तर तिजोरी रिकामी झाली असती.

आता आकडेवाल्यांकडे वळतो, कारण त्यांचाही हिशेब बाकी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, पण कधी? भात एकाच भांड्यात एकसारखा शिजलेला असतो तेव्हा. सेंटर फील्डर मोसमात तीन-चारशे झेल घेतो. त्यातले बहुतेक कोणीही घेतले असते. खरी परीक्षा पाहणारे चेंडू त्या मानाने थोडे, आणि एखाद्या वर्षी ते त्याच्या डावीकडे जास्त आले की उजवीकडे, भिंतीजवळ की मोकळ्यात, हे नशिबावर. बॅटरने एप्रिल महिनाभर .400 ची सरासरी राखली म्हणून त्याला कोणी अख्खा मोसम ती राखणारा 1941 चा टेड विल्यम्स म्हणत नाही. मग क्षेत्ररक्षणाच्या एका मोसमावर हा मोह का आवरत नाही? यूझेडआर वापरणारे जाणकार स्वतःच बजावतात की निदान तीन मोसम बघा. ट्राउटचं कोडं तिथेच सुटतं: 2012 चा ट्राउट आणि 2013 चा ट्राउट यांच्यात निवड करायचीच नसते, दोन्ही एकत्र धरायचे असतात. 2012 च्या एमव्हीपीच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, वादात मात्र हा विवेक कोणीच दाखवला नाही. मिगेल कब्रेराने 1967 नंतरचा पहिला ट्रिपल क्राउन (सरासरी, होम रन आणि फटक्यांनी आणलेल्या धावा, तिन्हींत अव्वल) मिळवला होता. ट्राउटच्या बाजूचे लोक त्याचं वॉर (खेळाडूने संघाला किती विजय मिळवून दिले याचा एकत्रित आकडा) पुढे करत होते, ज्यात क्षेत्ररक्षणाचा मोठा वाटा होता. कब्रेराला 28 पैकी 22 प्रथम पसंतीची मतं मिळाली. माझ्या मते ट्राउटच श्रेष्ठ होता. पण त्याची बाजू मांडणाऱ्यांनी तो आकडा असा नाचवला, जणू तो वजनकाट्यावरून उतरलाय. ‘यात पाच-दहा धावा इकडेतिकडे होऊ शकतात, आणि तेवढ्या वजा करूनही ट्राउट पुढेच राहतो’ एवढं म्हटलं असतं तर समोरच्याला ऐकणं सोपं गेलं असतं.

फेकीच्या बाबतीत उलटं झालंय. तिथे आकडे नजरेच्या पुढे गेले आणि त्याची दखल फारशी कोणी घेत नाही. 11 एप्रिल 2001 ला ओकलंडमध्ये सिॲटलच्या इचिरो सुझुकीने राइट फील्डमधून थेट तिसऱ्या बेसवर फेक करून टेरेन्स लाँगला बाद केलं. ती फेक सगळ्यांनी पाहिली, रनर्सनीही. अशा फेकीनंतर पुढचा रनर दुसऱ्या बेसवरच थांबतो. मग इचिरोच्या नावावर असिस्ट, म्हणजे फेकीने बाद केल्याचं श्रेय, लागत नाही, आणि नुसते असिस्ट मोजणाऱ्याला वाटतं हात थकला. नवे मापदंड थांबलेल्या रनरचीही नोंद घेतात. भीती मोजणारा आकडा नजरेपेक्षा थंड कसा?

एका ठिकाणी मात्र मी हात टेकतो. आउट्स अबव्ह ॲव्हरेज खेळाडू चेंडू फेकला गेला तेव्हा जिथे उभा होता तिथून मोजायला सुरुवात करतं. आजच्या खेळात हे योग्यच. कुठे उभं राहायचं ते टोपीत किंवा मागच्या खिशात ठेवलेलं कार्ड सांगतं, दोन पिचच्या मधे खेळाडू ते काढून वाचताना दिसतात, आणि कार्डाचं श्रेय कार्ड लिहिणाऱ्याचं. पण जोन्सची सगळी ख्याती तो उभा कुठे राहायचा यावर होती. सेंटर फील्डला इतका पुढे, जवळजवळ सेकंड बेसच्या पाठीशी, की एरवी हिट ठरणारे छोटे चेंडू त्याच्या हातात पडत. आणि डोक्यावरून गेलेल्या चेंडूवर पाठ फिरवून धावायचा भरवसा त्याला स्वतःच्या पायांवर होता. तो धोका पत्करणं हे कौशल्य नव्हतं का? आजचा सगळ्यात अचूक मापदंड त्याला लावला असता तर त्यातला एक मोठा तुकडा बेपत्ता झाला असता.

त्याच्या काळात कॅमेरे नव्हते. त्याचा हिशेब खेळाच्या जुन्या नोंदींवरून मागाहून काढलाय, आणि त्यात तो सरासरी खेळाडूपेक्षा सुमारे 235 धावा वर निघतो. विली मेज आणि रोबेर्तो क्लेमेंटे हे नावाजलेले आउटफिल्डर दोघेही त्याच हिशेबात त्याच्या खाली. नोंदी ढोबळ आहेत, लेफ्ट आणि राइटवाल्यांच्या वाट्याचे काही सोपे चेंडूही त्याने उचलले असतील. धरू या तसं. तिसरा हिस्सा कापला तरी दीडशेच्या वर धावा उरतात, जवळपास पंधरा विजय, आणि त्या 434 होम रनांच्या शिवाय. माझ्या हातात मतपत्रिका असती तर मी एवढ्यावर खूण केली असती.